खेळांचं दुकान, रत्नागिरी : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

पटावरचे आणि पत्त्यांचे खेळ विकायचे आणि तासाच्या दराने बसून खेळू द्यायचे, असं दुकान. त्याची जागा पक्की. मारुती मंदिराच्या बाजूला चिऱ्याचं जुनं घर, वर मंगलोरी कौलं. पुढे ३० बाय ७ फुटांची पडवी, आत ३० बाय १६ चा सलग हॉल (ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत आधीच्या भाडेकरूने काढलेली), मागे पूर्वेला ८ बाय ७ ची कोठीची खोली. दुसरा पर्याय नव्या कॉम्प्लेक्समधल्या २५० चौरस फुटांच्या गाळ्याचा होता. शटर, काच, एसीची सोय सगळं तयार, पण संडास सामाईक आणि संध्याकाळी सातला कुलूपबंद. खेळाच्या दुकानात गिऱ्हाईक खोका घेऊन दहा मिनिटांत जात नाही, तीन तास बसतं. संडास, पिण्याचं पाणी आणि दुचाकीला अंगण या तीन गोष्टींवर गाळा बाद झाला.

जानेवारीत कोकणातली प्रत्येक भिंत कोरडीच दिसते. म्हणून मागच्या पावसाच्या खुणा शोधल्या: क्षार फुटून आलेली पांढरी रेघ जमिनीपासून किती वर गेली आहे, खिडकीच्या गजांना गंज कोणत्या बाजूला जास्त, वाशांवर पाणी ओघळल्याचे काळे पट्टे कुठे. पश्चिमेची भिंत अडीच फुटांपर्यंत फुगलेली; पाऊस नैऋत्येकडून मारतो, तेव्हा हे अपेक्षितच. पूर्वेच्या कोठीत फक्त एका कोपऱ्याला डाग.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, ३६ महिन्यांचा, नोंदणी केलेला. शाकारणी (पावसाआधी कौलं उतरवून परत बसवणं) दरवर्षी १५ मेच्या आत आणि मालकाच्या खर्चाने. घरपट्टी व्यापारी दराने झाली की वाढीचा फरक आमच्याकडे. ही दोन वाक्यं कागदावर नसली तर पहिल्याच पावसात तोंडं फिरतात.

२६ जानेवारी

खुर्च्या किती बसतील ते आधी, माल किती ठेवायचा ते नंतर.

हॉल ४८० चौरस फूट. काउंटर, विक्रीचं कपाट, चपला आणि दारातली ये-जा यात १२० गेले. उरलेल्या ३६० मध्ये माणशी १८ चौरस फूट धरले की २० खुर्च्या. त्या १८ मध्ये टेबलाचा वाटा, खुर्ची मागे ओढायला दीड-दोन फूट आणि पाठीमागून जायची वाट एवढंच मावतं. माणशी १५ वर आणलं तर २४ खुर्च्या बसतात, पण मग पाणी प्यायला उठणारा शेजारच्या डावाला कोपर मारून जातो आणि पटावरच्या सोंगट्या हलतात. एकदा हललेला डाव परत जसाच्या तसा मांडता येत नाही.

५ बाय ३ फुटांची दोन टेबलं, सहा-सहा जणांची; ३ बाय ३ ची दोन, चार-चार जणांची. छोटी दोन्ही मुद्दाम सुटी, कारण जोडली की ६ फुटांचं लांब टेबल होतं. संग्राह्य पत्त्यांच्या खेळांत (प्रत्येक जण स्वतः जमवलेले पत्ते घेऊन येतो) दोघं समोरासमोर बसतात आणि खेळायची चटई २४ बाय १४ इंचांची असते, म्हणजे जोडीला दोन फूट रुंदी लागते. मोठ्या टेबलांवर दोन-दोन जोड्या, जोडलेल्यावर तीन. एकूण सात जोड्या, १४ खेळाडू. स्विस पद्धतीत (हरलेला बाद होत नाही, सारख्या गुणांचे एकमेकांशी खेळतात) ९ ते १६ जणांना चार फेऱ्या लागतात. ५० मिनिटांची फेरी, वर निकाल लिहिणं आणि नवी जोडी लावणं धरलं की चार तास सहज. नऊला बंद करायचं तर साडेचारला सुरुवात हवी, नाहीतर शिरगाव, पावस, जयगडकडची मुलं शेवटच्या फेरीआधीच एसटीसाठी उठतात.

छोट्या पुतळ्यांचे युद्धखेळ तूर्त बाजूला. वॉरहॅमर ४०,००० च्या नेहमीच्या डावाला ६० बाय ४४ इंचांचं मैदान लागतं, आपलं टेबल ६० बाय ३६. मागणी आलीच तर वरून ठेवायचा प्लायचा पाट करता येईल.

९ फेब्रुवारी

महिन्याचा ठरलेला खर्च (भाडं, वीज, एक माणूस, इंटरनेट, मोडतोड) ४२,००० धरला. महिन्याला २६ दिवस, म्हणजे रोज साधारण १,६१५ रुपये. खुर्चीला तासाला ४० रुपये लावले तर रोज ४० खुर्ची-तास भरले की खर्च निघतो. दुपारी एक ते रात्री नऊ असे आठ तास गुणिले २० खुर्च्या म्हणजे १६०. त्यातला पाव हिस्सा. शनिवार-रविवार हे सहज होतं, मंगळवारी दुपारी अजिबात होत नाही.

आता विक्री. ३,००० रुपयांच्या खोक्यावर वितरकाची सूट २५ टक्के, म्हणजे हातात ७५०. सुमारे १९ खुर्ची-तासांएवढे. चांगलं वाटतं, पण हा खोका किती महिने पडून राहील ते कुणी सांगत नाही, आणि दमट हवेत कोपरा फुगला की २० टक्के उतरवून द्यावा लागतो. ७५० चे १५० होतात. असे ६० खोके भरून ठेवले तर एक लाख ऐंशी हजारांचा माल ओलीच्या तोंडी. टेबलाला ओल लागत नाही. म्हणून सुरुवातीला विक्रीला फक्त १२ खेळ, प्रत्येकी दोन-तीन नग. बाकीचे नोंद घेऊन आठवड्यात मागवून द्यायचे. खेळायच्या संग्रहात २४ खेळ.

दर तासावर ठेवायचा की दिवसावर? दिवसाचा एकच दर ठेवला की चार मुलं एक टेबल दुपारी धरतात आणि रात्रीपर्यंत सोडत नाहीत. तासाचा ठेवला की नियम समजून घेण्यातच पहिला अर्धा तास जातो आणि लोक घड्याळाकडे बघत खेळतात. उपाय: तासाचाच दर, पहिल्या तासातला नियम सांगण्याचा वेळ मोजायचा नाही, तीन तासांनंतर त्या दिवसापुरतं मोफत, फक्त शनिवार-रविवारी तीन तासांनंतर रांग असेल तर टेबल सोडायचं.

२३ फेब्रुवारी

कागदपत्रं. दुकान आणि आस्थापना कायदा २०१७ खाली, माणसं दोन-तीनच असल्याने ऑनलाइन सूचना पुरते, नोंदणी लागत नाही. पाटी मराठीत हवी आणि देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे छोट्या दुकानांनाही लागू. चहा-सरबतासाठी अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी) फुकट, ती करून टाकली. वस्तू आणि सेवा दोन्ही असल्याने जीएसटीची मर्यादा २० लाखांची. पहिल्या वर्षी त्याच्या आतच राहू, म्हणून नोंदणी नाही.

सगळ्यात नाजूक बाब जुगाराची. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, आणि रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलं आहे. पण आळीतल्या काकांना दारातून पत्ते आणि आठ डोकी एवढंच दिसतं, निकालपत्र नव्हे. म्हणून पहिलं वर्षभर ५२ पत्त्यांचा कुठलाही खेळ नाही, पैशाची पैज कशावरच नाही, बक्षीस रोख नाही. रस्त्याकडच्या खिडक्यांना पडदे लावायचे नाहीत. आत काय चाललंय ते बाहेरून दिसलंच पाहिजे. मुलींना एकट्याने यायला धीर वाटतो तोही याच उघड्या खिडक्यांमुळे.

१६ मार्च

शिमगा. पालख्या घरोघर फिरतायत, सुतार आणि गवंडी दोघेही गावी. काम गुढीपाडव्यानंतरच पुढे सरकेल. तेवढ्यात आर्द्रतेचं गणित.

कौलारू हॉल कोरडा ठेवणं अशक्य. कौलांच्या फटींतून हवा सतत येते-जाते. हॉलमध्ये डिह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) लावणं म्हणजे आख्खं आभाळ वाळवायला घेणं. हॉल माणसांसाठी मोकळा सोडायचा आणि फक्त कोठी बंदिस्त करायची. खेळ तिथे राहतील, मागणी आली की बाहेर येतील, खेळून झाले की परत आत. हॉलमधल्या कपाटात भरलेले खोके नाहीत, खोक्यांच्या दर्शनी बाजूची छापील चित्रं.

कोठी ८ बाय ७ बाय ९ फूट, सुमारे १४ घनमीटर. ३० अंश तापमानाला ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे २६ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, ५५ टक्क्यांना १७. म्हणजे खोलीतल्या हवेतून काढायचं पाणी जेमतेम सव्वाशे ग्रॅम, पाऊण ग्लासही नाही. खरा प्रश्न गळतीचा: तासाला एकदा हवा बदलली तर दिवसाला तीन लिटर. वर भिंतीतून झिरपणारं वेगळं. यंत्रावर लिहिलेला आकडा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेला असतो. ५५ टक्क्यांजवळ तेच यंत्र साधारण निम्मं पाणी काढतं. त्यामुळे दिवसाला १२ लिटरचं यंत्र घ्यायचं. मोठं घेण्यापेक्षा दाराला रबरी पट्टी आणि वर फॉल्स सीलिंग यावर पैसे घालावेत.

६ एप्रिल

कोठीचं काम. फॉल्स सीलिंग सिमेंट बोर्डाचं. जिप्सम नको, कौल सरकून एकदा थेंब पडायला लागले की ते खालून फुगतं. सांधे सिलिकॉनने बंद. दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी आणि आपोआप मिटणारी स्प्रिंग.

भिंतीची चाचणी: २ बाय २ फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवायचा. आतल्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला धरलं तर हवेतून. डागाच्या कोपऱ्यात आतून दव. तिथे आतून वॉटरप्रूफ रंग मारायचा मोह होतो, पण पाणी मागे अडकतं आणि पहिल्या पावसात रंग पापुद्र्यासारखा सुटतो. लेप बाहेरून हवा, भिंत वाळलेली असताना, म्हणजे आत्ताच. बाहेरचं प्लॅस्टर खरवडून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा.

वाळवी: भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर एक-एक फुटावर १२ मिलिमीटरची भोकं, प्रत्येकात इमिडाक्लोप्रिडचं पाण्यात केलेलं द्रावण, मग भोकं बंद. जुन्या घरात हे काम रॅक लावण्यापूर्वीच करावं लागतं. नंतर सगळं हलवायला कुणाला वेळ नसतो.

१३ एप्रिल

रॅक आणि टेबलं. मोठ्या खेळांचे चौकोनी खोके साधारण ३० बाय ३० बाय ७ सेंटिमीटरचे येतात. म्हणून कप्पा १३ इंच खोल, १३ इंच उंच. तीन फूट रुंदीत उभे १२ खोके. आडवे रचले तर खालच्याचं झाकण दबतं आणि तळातला काढताना वरचे सहा उचलावे लागतात. उभ्या खोक्यात आतलं सामान घसरतं, त्यासाठी प्रत्येक प्रकाराची वेगळी झिप पिशवी, हवा निघायला टाचणीचं एक भोक. खोक्याभोवती कापडी इलॅस्टिक. साधं रबरबँड कोकणात दोन पावसाळे टिकत नाही. चिकट होतं आणि पत्त्यांवर तपकिरी रेघ सोडतं.

रॅक मरीन प्लायचा, आयएस ७१० छापाचा, भिंतीपासून तीन इंच सोडून. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ दुकानदार कितीही गळ्यात मारो, कडेने पाणी पिऊन फुगणारच. बोल्टवाले लोखंडी अँगल स्वस्त, पण भोकांच्या कडांना रंग नसतो आणि खारी हवा तिथूनच सुरुवात करते.

टेबलाला १९ मिलिमीटर प्लाय, उंची २९ इंच, पाय फणसाच्या लाकडाचे. सनमायका मॅट, आणि वरच्यासारखा खालूनही लावायचा. सुतार खालचा वाचवायला बघतो. एकाच बाजूला थर असला की दुसरी बाजू पाणी पिते, फुगते आणि टेबलाच्या कडा वर उचलल्या जातात. नेमकं याच कारणाने खेळाचे पटही वाकतात. खुर्च्या साच्यातल्या, एकावर एक बसणाऱ्या. गाद्या नकोत, भाद्रपदापर्यंत कुबट वास धरतात.

२७ एप्रिल

दिवे-पंखे. १८ वॉटचे एलईडी पॅनल, मोठ्या टेबलावर दोन, छोट्यावर एक, एकूण सहा. ४,००० केल्विन, रंगदर्शकता (रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० च्या वर. हा दुसरा आकडा लोक बघत नाहीत, आणि मग स्वस्त दिव्याखाली नारिंगी-लाल आणि निळा-जांभळा ओळखू येत नाही. भांडण खेळाचं नसतं, दिव्याचं असतं. दिवे पंख्याच्या पात्यांच्या खाली टांगले. वर राहिले तर पात्यांची सावली टेबलावर लुकलुकते आणि तासाभरात डोकं धरतं.

पंखे टेबलांवर नव्हे, वाटांवर. डोक्यावरचा पंखा दोनच्या पुढे गेला की पत्ते उडतात. पाच बीएलडीसी (कमी वीज खाणारे), प्रत्येकी ३० वॉटच्या आसपास.

इन्व्हर्टर: दिवे १०८, पंखे १५०, राउटर आणि बिलिंग ४०, असे ३०० वॉट. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर १,८०० वॉट-तास. नुकसान आणि बॅटरी पूर्ण न उतरवणं धरून १,२०० हाती. चार तास. डिह्युमिडिफायर इन्व्हर्टरवर नाही. दार बंद असेल तर कोठी चार तास तग धरते.

११ मे

माल आला. निवडीचा नियम: पटावर आणि पत्त्यांवर मजकूर नसलेले किंवा थोडा असलेले खेळ, एक डाव तासाभरात संपणारा, नियम पंधरा मिनिटांत सांगता येणारे. कारकासोन, कतान, तिकिट टू राइड, अझूल, स्प्लेंडर पहिल्या फळीत. इंग्रजी शब्दांवर चालणारे खेळ कॉलेजच्या मुलांत रंगतात, घरच्यांना घेऊन आलेल्या माणसाला तोंडघशी पाडतात, असे दोनच. प्रत्येक खेळाला एका पानाचा मराठी नियमपट: डाव कसा मांडायचा, आपल्या पाळीत काय करायचं, डाव कधी संपतो, गुण कसे मोजायचे. शंकानिरसन मागच्या पानावर.

१४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची आहे, तेव्हा लहान मुलांचे खेळ घेताना ती बघूनच. नोंदणीकृत हस्तकारागिरांनी केलेल्या वस्तूंना यातून सूट आहे, म्हणून सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा एक कप्पा ठेवता आला.

कोठीत आणलेले खोके दोन दिवस प्लास्टिकसकट तसेच. मग प्लास्टिक काढायचं. कोरड्या गोदामातून आलेला पट एकदम दमट हॉलमध्ये उघडला तर तासाभरात ताटलीसारखा होतो.

१८ मे

दुकान उघडलं. सुट्टी आणि आंब्याचा हंगाम एकत्र, टेबलं भरलेली. कोकम सरबत टेबलावर बंद. पुठ्ठ्यावरचा डाग निघत नाही. प्यायचं सगळं खुर्चीशेजारच्या तिवईवर, टेबलाच्या उंचीच्या खाली. फरसाण आणि वेफर पडवीत. आत भाजलेले शेंगदाणे चालतात.

२६ मे

पाऊस आला. यंदा मान्सून २५ तारखेलाच कोकणात दाखल, दहा-बारा दिवस आधी. शाकारणी १५ मेच्या आत उरकल्याचा फायदा आजच दिसला. आळीत निम्म्या घरांवर कौलं उतरवलेली आहेत. हॉलमधला आर्द्रतामापक ९१.

मापकावर लगेच विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतके पाण्याचे थेंब घालायचे, मापकासोबत झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ दाखवायला हवा. आपले दोन मापक ७१ आणि ७८ दाखवतात. तेवढा फरक चिठ्ठीवर लिहून मागे चिकटवला.

१५ जून

कॅरम पडवीत, आत नाही. कारण आवाज नव्हे, पावडर. ती हवेत उडते, पत्त्यांच्या कडांवर बसते, चटयांत शिरते. बोरिक पावडर मुलांच्या हाताला नको म्हणून स्टार्चची वापरतो. ती दमट हवेत गोळा होते, त्यामुळे डबा कोठीत आणि बोर्डावर एका वेळी चिमूटभरच.

बोर्डाचा खेळण्याचा भाग ७४ सेंटिमीटर, चौकटीसह तीन फुटांच्या आत. पडवी सात फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. खुर्ची बसत नाही, स्टूल बसतं. नियमात स्टँडची उंची ६३ ते ७० सेंटिमीटर, आपला ६५. बोर्ड समतल आहे का ते पातळीनळीने रोज बघायचं, पडवीची जमीन पाणी जायला उतरती असते. पश्चिमेला झावळ्यांची झापं बांधली, झड थेट आत येत नाही. तरी रात्री बोर्ड आत, पृष्ठभाग एकमेकांकडे करून, मध्ये सुती कापड.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मिरकरवाडा बंदराकडचे गडी दुपारी मोकळे, म्हणून बोर्डाचा दर दुपारी चारपर्यंत तासाला ५०, नंतर ८०. दुपारचा पडवीतला धंदा या दोन महिन्यांचाच. नारळी पौर्णिमेनंतर तो गृहीत धरू नये.

१३ जुलै

कोठी ५४ ते ५८ वर स्थिर. यंत्राच्या डब्यात दोन लिटरच मावतं आणि डबा भरला की ते गपचूप बंद पडतं, म्हणून नळी भिंतीतून बाहेर काढली, उतार देऊन. नळीच्या तोंडाला बारीक जाळी. नाहीतर किडे घर करतात, पाणी तुंबतं आणि रविवारी रात्रीपासून सोमवार दुपारपर्यंत कोठी ८० ला जाते. जाळी दर सोमवारी साफ.

वाकलेला पट: कोठीत एक दिवस उघडा, मग उलट दिशेला हाताने हलकेच वळवून सपाट प्लायखाली तीन दिवस. इस्त्री नाही; वरचा छापील थर सुटतो. चकाकत्या पत्त्यांचं वेगळं आहे: धातूचा थर पाणी पीत नाही, मागचा कागद पितो, त्यामुळे पत्ता चकाकत्या बाजूकडे वळतो. कोठीत दोन-तीन दिवस राहिला की बराचसा आपोआप सरळ होतो.

पत्त्यांना प्लास्टिकच्या बाह्या घालायच्या त्या ६३ बाय ८८ च्या पत्त्यांना लवकर मिळतात, छोट्या आकारांसाठी आधी पत्ता मोजून मागवायच्या. अर्धा मिलिमीटर कमी पडली तर पत्ता आत वाकतो, जास्त झाली तर फेटताना सरकतो. एका खेळातल्या सगळ्याच पत्त्यांना घालायच्या. निम्म्यांना घातल्या की पाठीवरून पत्ता ओळखू येतो.

३ ऑगस्ट

परत आलेला खेळ मोजायचा कसा? खोका वजनकाट्यावर ठेवायचा ही युक्ती उन्हाळ्यात चालते, पावसाळ्यात फसवते. हवा ५० वरून ८५ टक्क्यांवर गेली की पुठ्ठा स्वतःच्या वजनाच्या निदान तीन-चार टक्के पाणी आणखी धरतो. किलोभर पुठ्ठ्यात ३०-४० ग्रॅम तरी. एक पत्ता दोन ग्रॅमचाही नसतो. म्हणून काटा फक्त लाकडी आणि प्लास्टिक भागांच्या पिशव्यांना. तिकिट टू राइडचे प्रत्येक रंगाचे ४५ डबे मोजत बसण्यापेक्षा पिशवीचं वजन वर लिहून ठेवलेलं बरं. पत्ते हाताने: कतानमध्ये संसाधनांचे पाच प्रकारांचे १९-१९, म्हणजे ९५, आणि विकासाचे २५. झाकणाच्या आत ही यादी चिकटवली. मोजायचं ते खेळणाऱ्यांनीच, उठण्याआधी, टेबलावर. काउंटरवर आल्यावर कमी निघालं तर हरवलं कुणी हा वाद होतो. टेबलावर निघालं तर सगळे खाली वाकून शोधतात.

१७ ऑगस्ट

गणपती २७ तारखेला. मुंबईकर चाकरमानी आठवडाभर घरी, त्यातले निम्मे भर पावसात करमणूक शोधणारे. या दिवसांत नवे खेळ शिकवायचे नाहीत. मोठी टेबलं घरच्या गटांना, आधी फोन करून. खेळ भाड्याने घरी द्यायची मागणी खूप आहे. दिले तर खोका ओल्या पडवीत राहतो आणि परत येतो तो फुगून, म्हणून फक्त प्लास्टिक-लाकडाचे चार खेळ, बंद डब्यात, डब्यात २५ ग्रॅम नारिंगी सिलिका जेल. ते हिरवं पडलं की फेकायचं नाही, ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन-तीन तास. उघड्या कपाटात सिलिका ठेवणं मात्र फुकट, दुपारपर्यंत संपते.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा एक जोड मांडली. १२० गोल पाने, दहा अवतार, प्रत्येकी राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघांत ४०-४० वाटायची. अर्ध्या रंगांत दश्शी वरची, अर्ध्यांत एक्का वरचा, आणि सुरुवात दिवसा रामाच्या राजावाल्याची, रात्री कृष्णाच्या. ५२ पत्त्यांना दारात थांबवलं तरी हिला कुणी हरकत घेतली नाही. जोड विकायची आहे, हाताळायची नाही. खेळायला छापील नक्कल.

१४ सप्टेंबर

बुद्धिबळाची जलद स्पर्धा, १६ खेळाडू, पाच फेऱ्या. प्रत्येकाला १५ मिनिटं अधिक चालीला १० सेकंद, म्हणजे ६० चालींचा डाव ५० मिनिटांचा. फेरीला तासच धरावा. आठ जोड्यांपैकी सात टेबलांवर, आठवी पडवीत. पडवीत शेवटची फेरी ठेवू नये, कॅरमचा आवाज येतो. घरं ५७ मिलिमीटरची, गुंडाळायचे विनाइल पट. ते गुंडाळून ठेवले की कडा वर उचलल्या जातात. उलटे गुंडाळून अर्धा तास ठेवले की बसतात. घड्याळांच्या बॅटरीच्या टोकांना हिरवट थर धरला होता. स्पर्धा नसेल तेव्हा बॅटऱ्या बाहेर काढून ठेवायच्या.

२१ सप्टेंबर

उद्यापासून पटाचे खेळ, कॅरम, बुद्धिबळ, पत्ते यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के. आपण नोंदणीबाहेर, त्यामुळे भरलेला कर हा खर्चच. मूळ २,००० चा खोका जुन्या करात २,२४० ला पडलेला, नवा २,१०० ला मिळणार. गिऱ्हाईक सोमवारपासून नव्या भावाने मागेल, म्हणजे शिल्लक प्रत्येक नगामागे १४० खिशातून. शेल्फवर १९ नग आहेत: २,६६० रुपये. साठ असते तर ८,४०० झाले असते. वितरकाकडे राहिलेली मागणी २२ नंतरच्या तारखेचं बिल घेऊन मगच उचलायची.

१२ ऑक्टोबर

दुपारी हॉल ६८, रात्री ८० च्या वर. यंत्र दुपारी बंद, रात्री चालू, टायमर लावला. झापं उतरवली, वाळवून माळ्यावर.

दिवाळीची मागणी: कारकासोन ४, अझूल ३, स्प्लेंडर ३, मोठा कॅरम २, विनाइलचे बुद्धिबळ संच ६. घाटातून येणाऱ्या पार्सलला दुहेरी खोका आणि आत प्लास्टिक हे बिलावरच लिहून मागायचं. पावसाळ्याचा टेबलाचा सरासरी भरणा ३१ टक्के निघाला, विक्रीतली कमाई टेबलांच्या कमाईच्या खाली राहिली. पाचवं टेबल, ३ बाय ३ चं, पडवीच्या उत्तर टोकाला करायला टाकलं आहे. चहाचं बाकडं तिथून काढून अंगणात.